पीएचडी झाली, घड्याळ सुरू झालं

गेल्या जूनमध्ये ओळखीतल्या एका मुलीचा व्हायवा (पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा) होता. कोल्हापूरच्या बाजूची, घरातली पहिलीच पीएचडी. व्हायवा आटोपला, विभागाच्या व्हरांड्यात पेढे वाटणं सुरू झालं, तेव्हा तिच्या आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, ही म्हणते आता पोस्टडॉक करणार. म्हणजे अजून दोन वर्षं शिक्षणच का? पहिलीपासून मोजलं तर तेवीस वर्षं झाली की हो."

मी म्हटलं, "ताई, ते शिक्षण नाही, नोकरी आहे. पगाराची, पण मुदतीची."

त्यांचा जीव भांड्यात पडला. मुलगी मात्र पेढ्यांच्या गडबडीत सहज बोलून गेली, "आता सात-आठ महिने जरा विश्रांती घेते, मग बघते पुढचं." विश्रांतीला माझी हरकत नव्हती. पाच-सहा वर्षं लॅबमध्ये काढलेल्या माणसाला ती हवीच. पण त्या दिवसापासून तिच्या नावानं चार-पाच घड्याळं एकदम सुरू झाली होती, आणि तिला त्यातल्या एकाचीही कल्पना नव्हती. तिला नंतर जे बसून सांगितलं, तेच इथं लिहितो आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, खगोलशास्त्र, मटेरियल सायन्स आणि इंजिनिअरिंग एवढ्यापुरतंच बोलतो. जीवशास्त्राकडचे रिवाज बरेच वेगळे आहेत.

पोस्टडॉक म्हणजे नेमकं काय

पीएचडीत आपण संशोधन करायला शिकतो. प्रश्न बहुधा गाईडनं सुचवलेला असतो, अडलं की गाईड असतो, आणि शेवटी प्रबंध लिहून पदवी मिळते. पोस्टडॉकमध्ये प्रबंध नाही, परीक्षा नाही, पदवीही नाही. एखाद्या प्रयोगशाळेत ठरावीक मुदतीसाठी, साधारण एक ते तीन वर्षं, पूर्णवेळ संशोधन करायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. सनद मिळालेला वकील काही वर्षं सीनिअरच्या ऑफिसात बसतो, तसंच काहीसं. कोर्टात उभं राहायचा अधिकार त्याला मिळालेला असतो. पण दुसऱ्याचं काम जवळून बघत बघत त्याला स्वतःचं काम मांडायचं असतं. फरक एवढाच, की ज्युनिअर वकील त्याच ऑफिसात वर्षानुवर्षं राहू शकतो, पोस्टडॉकला मुदत संपली की निघावंच लागतं.

मग हा मधला टप्पा कशाला? कारण पीएचडीवर तुमचं नाव असलं तरी काम किती तुमचं आणि किती गाईडचं, हे बाहेरच्याला कळत नाही. नव्या जागी, नव्या माणसांत, नवा विषय हाताशी घेऊन तुम्ही काही करून दाखवलंत, की मग ते कळतं. आयआयटीसारख्या संस्था म्हणूनच नियमित सहायक प्राध्यापकाच्या पदासाठी पीएचडीनंतरचा ३ वर्षांचा अनुभव मागतात. आपल्या विद्यापीठांत आणि कॉलेजांत तशी सक्ती नाही. पण यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत, मुलाखतीसाठी उमेदवार निवडताना जे गुण देतात, त्यात शिकवण्याच्या अनुभवासारखेच पोस्टडॉकच्या अनुभवालाही वर्षाला २ गुण आहेत, जास्तीत जास्त १०. ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. "पोस्टडॉकमध्ये वर्षं फुकट जातील, तेवढ्यात कॉलेजात सीएचबीवर (तासाच्या हिशोबानं पगार) तास घेतले तर अनुभव तरी लागेल" असं म्हणणारी मुलं मला दरवर्षी भेटतात.

जयंत नारळीकरांचं उदाहरण बघा. १९६३ साली त्यांनी केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्याकडे पीएचडी केली, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते रुजू झाले १९७२ साली. मधली वर्षं केंब्रिजमध्येच गेली, किंग्ज कॉलेजची फेलोशिप आणि हॉईल यांनी उभारलेली खगोलशास्त्राची संस्था यांत. पुढं १९८८ मध्ये त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. आज आपल्याला ते संस्था उभारणारे म्हणून आठवतात, पण त्याआधीची ती मधली वर्षं नीट बघितली तर पोस्टडॉकचा काळ कशासाठी असतो हे उमगतं.

पैसा कुणाच्या नावावर आला

पोस्टडॉकचे प्रकार शोधायला गेलात तर डझनभर नावं सापडतील. आपल्याकडेच एका संस्थेत 'रिसर्च असोसिएट', दुसरीकडे 'इन्स्टिट्यूट पोस्टडॉक', आणि टाटा संस्थेत 'व्हिजिटिंग फेलो'. जाहिरात शोधताना ही सगळी नावं टाकून बघा. पण नावांत अडकू नका. विचारायचा प्रश्न एकच आहे: पैसा कुणाच्या नावावर आला?

पहिल्या प्रकारात पैसा प्राध्यापकाच्या नावावर आलेला असतो. त्यांना अमुक एका कामासाठी सरकारकडून किंवा कंपनीकडून प्रकल्प मिळाला, त्यात एका पोस्टडॉकची जागा मंजूर झाली, आणि ते माणूस शोधताहेत. अशी जागा वर्षभरात कधीही निघते. बऱ्याचदा प्राध्यापकच निवड करतात, आणि एक वर्षाचा करार पुढं वाढवत नेतात. काम ठरलेलं असतं. पेरोव्स्काईट सोलर सेलचं आयुष्य वाढवायचा प्रकल्प असेल तर तेच करायचं.

दुसऱ्या प्रकारात पैसा तुमच्या नावावर येतो. तुम्ही स्वतः प्रश्न मांडता, स्वतः प्रस्ताव लिहिता, एखादा प्राध्यापक 'याला मी जागा देतो' एवढं लिहून देतो, आणि देशभरातल्या किंवा जगभरातल्या उमेदवारांतून समिती निवडते. ही फेलोशिप. मिळायला अवघड, पण हा प्रश्न तुमचा असतो आणि सीव्हीवरची ती एक ओळ पुढची अनेक वर्षं कामाला येते.

माझं स्पष्ट मत सांगतो. पहिली जागा प्रकल्पावरची मिळाली तर बिनधास्त घ्या. पण तिथं बसून पहिल्या वर्षाच्या आत स्वतःच्या फेलोशिपचा एक तरी प्रस्ताव लिहा. दोन-दोन, तीन-तीन प्रकल्पांवर उत्तम काम करूनही 'तुमचं स्वतःचं काय?' या प्रश्नाशी मुलाखतीत अडखळलेली हुशार माणसं मी पाहिली आहेत, आणि ते बघताना वाईट वाटतं.

घड्याळं

बहुतेक फेलोशिपना पीएचडी होऊन किती वर्षं झाली याची मर्यादा असते, आणि ती प्रत्येकाची वेगळी.

जर्मनीची अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट फाउंडेशनची पोस्टडॉकसाठीची फेलोशिप ६ ते २४ महिन्यांची असते, आणि तिच्यासाठी पीएचडीला ४ वर्षांहून अधिक झालेली चालत नाहीत. अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू पोस्टडॉक फेलोशिप ८ ते २४ महिन्यांची, तिथंही ४ वर्षं. जपानमध्ये संशोधनाला पैसा देणाऱ्या जेएसपीएस या संस्थेच्या नेहमीच्या पोस्टडॉक फेलोशिपला ६ वर्षं, आणि ती मोजतात फेलोशिप ज्या आर्थिक वर्षात सुरू होते त्याच्या १ एप्रिलपासून मागं. ब्रिटनमधल्या रॉयल सोसायटीच्या न्यूटन इंटरनॅशनल फेलोशिपला पीएचडीनंतरचा संशोधनाचा अनुभव ७ वर्षांपेक्षा जास्त नको. युरोपियन युनियनच्या मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक फेलोशिपला ८ वर्षं.

आपल्याकडची घड्याळं बहुधा वयावर चालतात. नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप, म्हणजे एनपीडीएफ, पूर्वी केंद्राचं एसईआरबी हे संशोधन मंडळ देत असे. आता २०२३ च्या कायद्यानं आलेलं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन देतं. मुदत २ वर्षं, वयाची अट ३५. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना ५ वर्षांची सवलत. प्रबंध सादर केला आहे पण व्हायवा बाकी आहे अशांनाही अर्ज करता येतो, ही फार मोठी सोय आहे. इन्स्पायर फॅकल्टी ही ५ वर्षांची, पोस्टडॉकपेक्षा एक पायरी वरची फेलोशिप. तिचं वय ३२, स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षं जास्त. परदेशातून परत येऊ इच्छिणाऱ्या भारतीयांसाठी रामानुजन फेलोशिप आहे, तीही ५ वर्षांची, वय ४० च्या आत.

आता समजा, ती मुलगी म्हणाली तसंच वागली असती, तर तिचं गणित मांडून बघा. तिचं वय ३०. पीएचडीनंतर आठ महिने विश्रांती, मग दीड वर्ष एका प्रकल्पावर, तो वाढला आणखी एक वर्ष. एवढ्यात पीएचडीला तीन वर्षं आणि वर दोन महिने झाले. हुम्बोल्ट आणि फुलब्राइटचं दार अजून दहा महिने उघडं आहे, पण चांगला प्रस्ताव, प्राध्यापकाचा होकार आणि शिफारसपत्रं जमवायला तेवढे महिने सहज जातात. ती पुरुष असती तर इन्स्पायर फॅकल्टीची वयाची अट कधीच ओलांडली असती. कुणी तिला अडवलं नाही, कुणी नाकारलं नाही. नुसतं घड्याळ चालत राहिलं.

मेरी क्युरी फेलोशिपचं आणखी एक घड्याळ आहे आणि ते सगळ्यांत जास्त चकवतं. ज्या देशात फेलोशिप करायची, तिथं अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ तुम्ही राहिलेलं किंवा काम केलेलं नसावं. समजा तुम्ही जर्मनीत चौदा महिने पोस्टडॉक केलात. आता त्याच जर्मन लॅबसाठी मेरी क्युरीचा अर्ज करता येणार नाही. फ्रान्स, इटली, नेदरलँड्स खुले. म्हणून युरोपात पहिलं पाऊल टाकतानाच ठरवावं, की मेरी क्युरी कुठून करायची आहे, आणि त्या देशात आधी प्रकल्पाची नोकरी धरू नये. अर्जाची मुदत साधारण सप्टेंबरात संपते. आणि घाईघाईनं लिहिलेला अर्ज ठरावीक गुणांच्या खाली राहिला, तर त्याच संस्थेबरोबर लगेच पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येत नाही. 'एकदा टाकून तर बघू' ही सवय इथं महागात पडते.

बाळंतपण, आजारपण, आईवडिलांची शुश्रूषा यांतला काळ बहुतेक परदेशी संस्था वजा करून मोजतात. पण तो तुम्ही कागदानिशी दाखवायचा असतो. तेव्हा रजेची पत्रं जपून ठेवा.

आणि ही सगळी वर्षं नेमकी कोणत्या तारखेपासून मोजायची? आपल्या विद्यापीठांत तीन तारखा असतात: व्हायवाची, नोटिफिकेशनची (विद्यापीठ पदवी जाहीर करतं ते पत्र), आणि पदवीदान समारंभाची. तिसरी कधीकधी पहिलीनंतर वर्षभरानं येते. काही संस्था व्हायवाची तारीख धरतात, काही प्रमाणपत्रावरची. अर्जाआधी त्या संस्थेला ईमेल करून विचारा आणि आलेलं उत्तर जपा. प्रोव्हिजनल सर्टिफिकेट लगेच काढून घ्या. परदेशी विद्यापीठाला पदवीवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, लागत असेल तर आधी राज्य पातळीवरचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, असा प्रवास असतो. ऑफर हातात आल्यावर ही धावपळ सुरू केली तर फार दमायला होतं.

तुमच्या शाखेत जागा निघतात कशा

खगोलशास्त्रात आणि कणभौतिकीच्या सैद्धांतिक बाजूला एक वार्षिक हंगाम असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात जाहिराती, नोव्हेंबर-डिसेंबरात अर्ज, जानेवारी-फेब्रुवारीत ऑफर, आणि रुजू व्हायचं त्यानंतरच्या सप्टेंबरात. म्हणजे तुमचा प्रबंध पुढच्या उन्हाळ्यात पूर्ण होणार असेल तर अर्ज या दिवाळीच्या आसपास. खगोलशास्त्राच्या जाहिराती अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या जॉब रजिस्टरवर येतात. तिथं एक चांगला संकेत पाळला जातो: १५ फेब्रुवारीच्या आधी उमेदवाराला हो-नाही सांगायला भाग पाडायचं नाही. कुणी जानेवारीत 'परवापर्यंत कळवा' असं म्हणालं तर या संकेताची नम्रपणे आठवण करून द्यायला हरकत नाही. नासाची हबल फेलोशिप ३ वर्षांची, आणि कोणत्याही देशाच्या नागरिकाला खुली. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या खगोलशास्त्रातल्या पोस्टडॉक फेलोशिपवर मात्र आपण वेळ घालवू नये. ती तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचा मार्गही लक्षात ठेवा. भारत जानेवारी २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे तिथल्या फेलो पदांसाठी आपले नागरिक पात्र ठरतात, आणि त्यात इंजिनिअर, संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्सवालेही येतात.

आपल्या देशातही कमी नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, आणि तिच्यावर काम करणारं एनसीआरए हे रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र पुणे विद्यापीठाच्या आवारात, आयुकाच्या शेजारी. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारं लायगो-इंडिया उभं राहतंय. एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर झाले. चार किलोमीटर लांबीच्या बाहू असलेल्या त्या यंत्रणेला लेझर, निर्वात तंत्र, कंपन नियंत्रण, सिग्नल प्रोसेसिंग असं सगळं जाणणारी माणसं लागणार आहेत. मराठवाड्यातल्या इंजिनिअरिंगच्या पीएचडीधारकांनी तिकडे डोळा ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

रसायनशास्त्र, मटेरियल आणि बहुतेक इंजिनिअरिंगमध्ये असा हंगाम नाही. पुण्यात एनसीएल आणि आयसर, मुंबईत आयआयटी, आयसीटी, बीएआरसी, गोव्यात दोना पावलाची एनआयओ, अशा संशोधन संस्थांत वर्षभर प्रकल्पांच्या जागा निघत असतात. परदेशी जागा मात्र बऱ्याचदा जाहिरातीआधीच ओळखीतून भरल्या जातात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं आणि दक्षिण कोरियाचं नातं याचं ठळक उदाहरण. थिन फिल्मवर, म्हणजे पदार्थाच्या अतिशय पातळ थरांवर, काम करणारी आपली मुलं गेली अनेक वर्षं कोरियातल्या विद्यापीठांत पोस्टडॉकला जातात. एक गेला, त्याचं काम तिथल्या प्राध्यापकांना आवडलं, त्यांनी विचारलं 'तुमच्याकडे आणखी कुणी आहे का?', की दुसरा गेला. केमिकल बाथ (द्रावणात काच बुडवून तिच्यावर थर बसवणं) आणि स्प्रे पायरोलिसिस (तापलेल्या काचेवर द्रावण फवारणं) यांसारख्या कमी खर्चाच्या पद्धतींत आपल्या मुलांचा हात बसलेला असतो, आणि तिथं महागडी मोजमापाची यंत्रं असतात. दोन्हींची सांगड बसली. तुमच्या विभागातून आधी कोण कुठं गेलं याची यादी करा आणि त्यांना लिहा. सीनिअर मुलं या बाबतीत फार मोकळेपणानं मदत करतात.

इंजिनिअरिंगवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तुम्हाला कंपनीत जायचं असेल तर पोस्टडॉक आवश्यक नाही. सेमीकंडक्टर, बॅटरी, वाहन उद्योगाच्या संशोधन विभागांत पीएचडीवरून थेट घेतात. 'काही सुचत नाही म्हणून पोस्टडॉक' हे या शाखेत जास्त होतं, आणि दोन वर्षांनी कंपनी विचारते, 'मग तेव्हाच का नाही आलात?'

ते पहिलं पत्र

प्रकल्पाची जागा असो की फेलोशिपसाठी होकार हवा असो, सुरुवात ईमेलनं होते, आणि आपली मुलं इथंच सगळ्यांत जास्त कमी पडतात. गुणवत्तेत नव्हे, लिहिण्यात. "रिस्पेक्टेड सर, आपल्या एस्टीम्ड लॅबमध्ये काम करण्याची मला तीव्र इच्छा आहे. मी मेहनती आणि प्रामाणिक आहे. सोबत सीव्ही जोडला आहे." हे पत्र शंभर प्राध्यापकांना जसंच्या तसं जातं आणि शंभरही जण ते वाचत नाहीत.

त्या मुलीला मी बसवलं आणि विचारलं, तुझ्या थरांचं नेमकं काय अडलंय? ती म्हणाली, बिस्मथ व्हॅनेडेटचे थर आम्ही स्प्रे पायरोलिसिसनं बनवतो, प्रकाशात पाण्याचं विघटन करायला वापरतो, पण प्रकाशानं सुटलेले इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेल्या रिकाम्या जागा) फार लवकर परत एकत्र येतात, आणि ते किती वेळात होतं हे मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. मी म्हटलं, झालं, हेच पत्र. ज्यांच्याकडे हा वेळ मोजणारी ट्रान्झिएंट ॲब्सॉर्प्शनची यंत्रणा आहे आणि ज्यांनी ऑक्साइड थरांवर पेपर काढलेत, असे बारा जण शोध. प्रत्येकाचा एक पेपर पूर्ण वाच. मग लिही: तुमच्या अमुक पेपरमध्ये दाखवलेली गोष्ट माझ्या थरांत वेगळी दिसते, कारण कदाचित हे आहे, नमुने मी बनवू शकते, मोजमाप तुमच्याकडे होऊ शकतं, मी अमुक महिन्यापासून मोकळी आहे, अमुक फेलोशिपला अर्ज करायची माझी तयारी आहे. दीडशे शब्दांत. सोबत दोन पानांचा सीव्ही आणि सगळ्यांत चांगला एकच पेपर.

शेवटचं 'माझी तयारी आहे' हे वाक्य फार महत्त्वाचं. प्राध्यापकाकडे पैसा नसला तरी माणूस स्वतःचा पैसा आणू पाहतोय म्हटल्यावर बोलणं पुढं सरकतं. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा. दुसऱ्यांदा नको.

शिफारसपत्रांबद्दल एवढंच: गाईडखेरीज आणखी दोन माणसं लागतात, आणि ती पीएचडीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून जोडावी लागतात. परिषदेत तुमचं पोस्टर बघून चार प्रश्न विचारणारा बाहेरचा प्राध्यापक, ज्यांच्या यंत्रावर तुम्ही महिनाभर मोजमापं केलीत ते शास्त्रज्ञ. विभागप्रमुखांचं कोरडं पत्र काही कामाचं नाही.

पगार, व्हिसा, घर

केंद्राच्या प्रकल्पांत रिसर्च असोसिएटला १ जानेवारी २०२३ पासून पायरीनुसार महिना ५८,०००, ६१,००० किंवा ६७,००० रुपये, वर शहराप्रमाणे घरभाडं. जपानच्या जेएसपीएसमध्ये महिना ३,६२,००० येन. युरोपात रकमेपेक्षा आधी एक गोष्ट विचारा: हा नोकरीचा करार आहे की स्टायपेंड? करारात कर कापला जातो, पण आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी विमा हे त्यातच येतं. स्टायपेंडमध्ये हातात रक्कम मोठी दिसते आणि विमा तुमचा तुम्ही काढायचा असतो. मूल बरोबर असेल तर हा फरक फार जाणवतो.

देशातल्या फेलोशिपचे हप्ते उशिरा येऊ शकतात. मी स्वतः एकदा सलग पाच महिने उसनवारीवर काढले आहेत, आणि बायकोच्या पगारावर घर चाललं म्हणूनच ते निभावलं. तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय रुजू होऊ नका. परदेशी जातानाही तसंच. तिकीट, घराची अनामत आणि पहिला महिना हे सगळं पहिल्या पगाराच्या आधी लागतं.

अमेरिकेत पोस्टडॉक बहुधा जे-१ व्हिसावर जातात. रिसर्च स्कॉलर म्हणून तो जास्तीत जास्त ५ वर्षांचा. संपवून परत आलात की पुन्हा त्याच प्रकारात जायला २४ महिने थांबावं लागतं, तेव्हा तीन महिन्यांच्या छोट्या कामासाठी तो वापरून टाकू नका. 'दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट' पूर्वी अनेक भारतीयांना अमेरिकेच्या कौशल्य यादीमुळे (मायदेशाला गरज असलेल्या कौशल्यांची देशवार यादी) लागायची. डिसेंबर २०२४ मध्ये त्या यादीतून भारत वगळला गेला. पण सरकारी पैशावर गेलात, उदाहरणार्थ फुलब्राइटवर, तर ती अट आजही लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेनं बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क लावलं, तेव्हा 'आम्ही थेट एच-१बी देऊ' असं कुणी म्हणालं तर तो खर्च कोण भरणार हे लेखी विचारा. जे-१ वाल्याबरोबर जे-२ व्हिसावर आलेल्या जोडीदाराला कामाची परवानगी मागता येते. जर्मनीत ती सोबतच मिळते. नवराबायको दोघंही शिकलेले असतील तर देश निवडताना हा मुद्दा पगाराच्या आधी बघा. तो पुढं ढकलून अवघड झालेले संसार मी जवळून पाहिलेत.

होकार देण्याआधी

त्या लॅबमधून बाहेर पडलेल्या दोन जुन्या पोस्टडॉकना फोन करा. आता ते कुठं आहेत? पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागलं? आजारी पडल्यावर काय झालं? आणि प्राध्यापकांना थेट, सौम्यपणे विचारा: इथून जाताना या कामाचा कोणता भाग मला माझा म्हणून पुढं नेता येईल? चांगले प्राध्यापक या प्रश्नानं खूश होतात. जे चिडतात, त्यांच्याकडे जाऊ नका, लॅब कितीही नावाजलेली असो.

आणि किती पोस्टडॉक करावेत? जर्मनीत यालाही कायदा आहे: विद्यापीठात मुदतीच्या करारांवर पीएचडीआधी ६ आणि नंतर ६ वर्षं, त्यापुढं तसा करार सहसा मिळत नाही. आपल्याकडे तशी भिंत नाही, म्हणून माणसं वाहवत जातात. माझ्या मते एक देशात आणि एक बाहेर, किंवा दोन्ही बाहेर, मिळून चार-पाच वर्षं पुरेत. तिसऱ्याला हात घालण्याआधी कायमच्या जागांचे अर्ज गेलेले असावेत, आणि ते का पडले हे कुणातरी जाणत्याला विचारून झालेलं असावं.

त्या मुलीनं विश्रांती घेतली, पण सात-आठ महिने नव्हे, पाच आठवडे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिनं चार तारखा लाल पेनानं लिहिल्यात. बारापैकी तिघांची उत्तरं आली, एकाचं नकाराचं, पण दुसऱ्या एका प्राध्यापकाचं नाव सुचवणारं. येत्या गुरुवारी दुपारी तिचं ऑनलाईन सेमिनार आहे, पंचेचाळीस मिनिटांचं. त्या वेळात घरात मिक्सर लावायचा नाही, असं आईनं आत्ताच सगळ्यांना सांगून ठेवलंय.